मोफत वकील कसा मिळतो? दिवाणी आणि घरगुती खटल्यांतल्या विधी सहाय्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुका कोर्टाच्या आवारात, बचत गटांच्या बैठकांत आणि फोनवर लोक आम्हाला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. फौजदारी खटल्यात आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पोटगी, वाटप, घराचा ताबा, वारस नोंद अशा प्रकरणांतही तो मिळतो, हे मात्र निम्म्या तारखा उलटून गेल्यावर कळतं. उत्तरं महाराष्ट्राला धरून लिहिली आहेत. मूळ कायदा देशभर एकच आहे. तुमच्या कामाचा प्रश्न तेवढाच वाचला तरी चालेल.

१. दिवाणी दाव्यालाही सरकार खरंच फुकट वकील देतं का?

हो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-क आलं. पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये, ही जबाबदारी त्याने राज्यावर टाकली. त्यावरून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. या कायद्यात 'न्यायालय' या शब्दात दिवाणी, फौजदारी आणि महसुली न्यायालयं तर येतातच, शिवाय न्यायाधिकरणं आणि न्यायनिवाड्याचं काम करणारे अधिकारीही येतात.

'फुकट' हा शब्द आम्ही शक्यतो टाळतो. गरिबांना कोर्टकामात मदत करणारी संस्था मुंबईत १९२४ सालीच निघाली होती, पण तेव्हा ती मदत देणाऱ्याच्या दानतीवर होती. आज तो तुमचा हक्क आहे. कार्यालयात जाताना हात जोडून नाही, अर्ज घेऊन जायचं.

२. कोणाकोणाला मिळतो?

कायद्याचं कलम १२ पाहायचं. उत्पन्न कितीही असलं तरी पात्र असणारे लोक असे: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती आणि जमातींतल्या व्यक्ती, दिव्यांग, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेल्या व्यक्ती, आणि पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेले लोक.

यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची अट आहे. मूळ कायद्यात ती वर्षाला ९,००० रुपये होती आणि वाढवण्याची मुभा राज्यांना होती. महाराष्ट्रात आणि गोव्यात आता ३ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी ५ लाख.

३. माझ्या नवऱ्याला चांगला पगार आहे, माझ्या नावावर थोडी जमीनही आहे. मग मला कसा मिळेल?

तुम्ही स्त्री आहात एवढं पुरे आहे. नवऱ्याचा पगार, माहेरची शेती, अंगावरचं सोनं यातलं काहीही आड येत नाही. कायदा करणाऱ्यांनी हे विचार करून ठेवलं आहे, कारण घरात पैसा असणं आणि बाईच्या हातात पैसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी 'आमचं घर खाऊन-पिऊन सुखी आहे, आम्हाला कोण देणार' असं म्हणून वर्षानुवर्षं आलेल्याच नसतात. टेबलावरच्या माणसाने उत्पन्नाचा दाखला मागितला, तर 'कलम १२ प्रमाणे स्त्री म्हणून अर्ज करते आहे' असं अर्जावर लिहा.

४. मी पुरुष आहे, रोजंदारीवर जातो. उत्पन्नाचा दाखला काढायलाच दोन-तीन हेलपाटे होतात. दाखला हवाच का?

तहसीलदाराचा दाखला असला तर उत्तम. नसला तर अर्ज अडू नये. कलम १३ सांगतं की उत्पन्नाबाबत अर्जदाराने केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण असल्याखेरीज. मर्यादा मोजताना कलमाचे शब्द अर्जदार व्यक्तीच्या वार्षिक उत्पन्नाबद्दल आहेत. दाखल्यावर सगळ्या कुटुंबाचं उत्पन्न एकत्र आलं असेल, तर तुमचं स्वतःचं किती ते प्रतिज्ञापत्रात वेगळं लिहा. आकडा खराच लिहा. खोटा निघाला तर मिळालेली मदत मध्येच काढून घेतली जाते.

५. अर्ज नेमका कुठे करायचा?

बहुतेकांसाठी उत्तर एकच: तुमच्या तालुक्याच्या कोर्टातली तालुका विधी सेवा समिती. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. तिथले सचिव स्वतः न्यायिक अधिकारी असतात आणि प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश. उच्च न्यायालयातल्या कामासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समिती आहे, दिल्लीतल्या कामासाठी सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समिती.

कोर्टात पाऊल टाकायची भीती वाटत असेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्जही भरता येतो. गावात विधी स्वयंसेवक असतात, त्यांना लोक 'पीएलव्ही' म्हणतात. ते अर्ज लिहून देतात आणि सोबतही येतात. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो योग्य ठिकाणी पाठवायची व्यवस्था आहे, म्हणून पत्ता शोधत बसून दिवस घालवू नका.

६. सोबत काय न्यायचं?

ओळखीचा पुरावा, पात्रतेचा कागद (जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र; बाईला ओळखपत्र पुरतं) आणि प्रकरणाचे असतील ते सगळे कागद: समन्स, नोटीस, सातबारा, आठ-अ, लग्नपत्रिका, भाडेपावत्या. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथे उतरवून घेतात.

आमची एक विनंती आहे. घटनांच्या तारखा घरी बसून एका कागदावर क्रमाने लिहून आणा. लग्न कधी, घराबाहेर कधी काढलं, पैसे कधी दिले, नोटीस कधी आली. या एका कागदामुळे वकिलाला पहिल्याच भेटीत प्रकरण समजतं. अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का घ्यायला विसरू नका.

७. अर्ज केल्यावर किती दिवस लागतात?

राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांप्रमाणे अर्जावरचा निर्णय लगेच, फार तर सात दिवसांत व्हायला हवा. उद्या घर पाडायला येणार आहेत किंवा परवा तारीख आहे अशी वेळ असेल, तर अर्जाच्या डोक्यावर ठळक 'तातडीचे' लिहा, ती तारीख लिहा आणि सचिवांना प्रत्यक्ष भेटा. सात दिवस उलटले आणि काहीच कळलं नाही तर पोचशिक्क्याची प्रत घेऊन परत जा.

८. अर्ज केला म्हणजे मुदत थांबते ना?

नाही. आमच्या मते या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. विधी सहाय्याचा अर्ज पडून असला तरी मुदतीच्या कायद्याचं घड्याळ चालू राहतं. जमिनीच्या किंवा घराच्या ताब्यातून कुणी जबरदस्तीने काढलं, तर मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागायचा सोपा दावा सहा महिन्यांतच करावा लागतो. ती वेळ गेली तर मालकी सिद्ध करण्याचा लांबचा रस्ता उरतो. उसने दिलेल्या पैशांच्या वसुलीला साधारण तीन वर्षं. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत.

अपिलाला उशीर झाला तर कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. मूळ दाव्याला ती सवलत नाही. म्हणून 'आधी घरच्यांशी बोलतो, मग बघू' म्हणत थांबायचं असलं तरी तुमची मुदत कधी संपते एवढं आजच विचारून ठेवा. तो सल्ला घ्यायलाही पैसे पडत नाहीत.

९. बेलिफ समन्स घेऊन आला होता, घेतलंच नाही. आता?

समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं आणि दावा तुमच्या पाठीमागे एकतर्फी चालतो. कोर्टात जाऊन दाव्याची नक्कल मागा. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्ट कारण नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो.

विधी सहाय्य फक्त दावा लावणाऱ्यालाच मिळतं असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. प्रतिवादीलाही तितकंच मिळतं, आणि त्याला ते अधिक घाईने लागतं.

१०. वकिलाची फी सोडून बाकीचा खर्च कोण करतो?

विधी सेवेत कोर्ट फी, समन्स-नोटिशीची फी (प्रोसेस फी), अर्ज आणि दावे तयार करणं, टंकलेखन, निकालाच्या नकला, कागदपत्रांचं भाषांतर हे सगळं येतं. प्रत्यक्षात वकील नेमला जातो आणि कोर्ट फीपाशी गाडी अडते. त्यामुळे पहिल्याच अर्जात 'वकील, कोर्ट फी, प्रोसेस फी आणि नकलांचा खर्च मिळावा' असं स्वतंत्र वाक्य लिहा. तुमचा एस.टी.चा खर्च आणि बुडालेली मजुरी यात येत नाही. हातावर पोट असलेल्या घराला खरा फटका त्याचाच बसतो. वकिलाला सांगून, तुमची गरज नसेल त्या तारखेला गैरहजेरीचा अर्ज द्यायला सांगा.

११. बायकांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफच असते ना? मग भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला तर?

माफी आहे, पण सगळ्या दाव्यांना नाही. राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. त्यातला मालमत्तेचा वाद म्हणजे वैवाहिक संबंधातून उद्भवलेला वाद. नवऱ्याच्या घरावरचा हक्क त्यात येतो. भावांकडून वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा मागताना या माफीवर विसंबू नका. तिथे प्रश्न १० मधला मार्ग धरायचा: स्त्री म्हणून विधी सहाय्य मागायचं आणि कोर्ट फीचा खर्च प्राधिकरणाकडे मागायचा.

१२. 'पॉपर'चा अर्ज म्हणजे हेच का?

वेगळं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली, कोर्ट फी भरण्याइतकी ऐपत नसलेल्या माणसाला निर्धन म्हणून दावा लावता येतो. ऐपत मोजताना जप्तीतून सूट असलेल्या वस्तू आणि ज्यासाठी दावा आहे ती मालमत्ता धरत नाहीत. यात फी माफ होत नाही, पुढे ढकलली जाते. दावा जिंकलात तर सरकार ती वसूल करतं आणि हरलात तरी भरायला सांगितली जाऊ शकते. प्रश्न २ मधल्या कोणत्याही गटात बसत असाल तर आधी विधी सहाय्य घ्या. उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर आहे पण दाव्याची फी मोठी आहे, अशा माणसाला पॉपर अर्ज उपयोगी पडतो.

१३. सरकारी वकील नीट काम करतात का? मला हवा तो वकील मिळेल?

आधी शब्द सुधारू. हे सरकारी वकील नव्हेत. हे खासगी वकिली करणारे आणि प्राधिकरणाच्या पॅनेलवर घेतलेले वकील असतात. पॅनेलवर यायला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. पॅनेलवरचा एखादा विशिष्ट वकील हवा असेल तर तसं अर्जात लिहा. सचिव त्याचा विचार करतात, पण हमी नाही. पॅनेलबाहेरचा सहसा मिळत नाही.

कामाच्या दर्जाबद्दल खरं सांगायचं तर अनुभव दोन्ही प्रकारचे आहेत. मानधन कमी आहे आणि ते टप्प्याटप्प्याने मिळतं, त्यामुळे काहींचं लक्ष खासगी कामाकडे जास्त असतं. पण जिवाचं रान करणारे, विशेषतः तरुण वकीलही आम्ही पाहिले आहेत. तुम्ही काय करू शकता? दर तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कोणती ते वहीत लिहा. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (कोर्टात प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) घ्या, ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख स्वतःला दिसते. सलग तारखांना वकील हजर राहत नसेल तर सचिवांना लेखी कळवून बदल मागा. पॅनेल वकिलांच्या कामावर देखरेख करायला प्राधिकरणात समिती असते, तिच्यापुढे तुमची वही हाच पुरावा.

१४. पॅनेलवरचा वकील 'वरचा खर्च' म्हणून पैसे मागतोय. द्यावे का?

एक रुपयाही देऊ नका. विनियमांत त्याला अशिलाकडून कोणत्याही रूपात मोबदला घ्यायची मनाई आहे. कोण, कधी, किती मागितले ते लिहून जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्या. तक्रार केली तर प्रकरण बिघडेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते. तक्रारीतच वकील बदलून मागा, म्हणजे तुम्ही त्याच्या हातात राहणार नाही.

१५. खासगी वकील लावून दोन वर्षं झाली, आता पैसे संपले. मध्येच मदत मिळेल?

मिळेल. प्रकरण कोणत्याही टप्प्यावर असो, अपिलात असो. फक्त दोन वकील एकाच वेळी चालत नाहीत. आधीच्या वकिलांकडून ना हरकत घ्यावी लागते. फी थकली म्हणून ते कागद अडवून धरत असतील, तर त्यांना तसा अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. फीसाठी त्यांनी वेगळा मार्ग धरावा, तुमची फाइल ओलीस ठेवू नये. ना हरकत मिळतच नसेल तर सचिवांना सांगा.

१६. घरातून काढून दिलंय, लेकरं सोबत आहेत. पोटगी आधी की घटस्फोट?

आधी डोक्यावर छप्पर आणि ताटात अन्न. अंगावर धावून येत असतील तर आत्ता ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक. त्यानंतर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. घटनेचा अहवाल तयार करणं आणि तुम्हाला विधी सहाय्य मिळवून देणं, दोन्ही त्यांची कर्तव्यं आहेत. या कायद्यात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा हुकूम आणि पैसे एकाच अर्जात मागता येतात. सध्या जिथे आसरा घेतला आहे तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो.

पोटगी, म्हणजे आपल्याकडे बायका जिला खावटी म्हणतात, ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागतात (१ जुलै २०२४ पूर्वीचं कलम १२५). रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची, आणि दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर मांडायची. म्हणून अर्ज लवकर जाणं हाच पैसा. आज अर्ज दिला आणि निकाल दोन वर्षांनी लागला तर त्या दोन वर्षांचीही खावटी मोजली जाते. अर्जाआधी वाट पाहण्यात घालवलेले महिने मात्र बहुधा हातून जातात. घटस्फोटाचा निर्णय शांतपणे नंतर घेता येतो.

१७. भाऊ म्हणतो हक्कसोडवर सही कर, नाहीतर माहेर तुटेल. माझं लग्न १९९० मधलं आहे, मला हिस्सा आहे तरी का?

आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनच्या हिस्सेदार, मानलं तेव्हा त्या दुरुस्तीने आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. 'तुझं लग्न आधीचं' ही गावोगाव ऐकू येणारी सबब तिथून आलेली आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत अशी अट नाही. विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही. अपवाद मुख्यतः एक: २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती मोडत नाही. ही उत्तरं हिंदू वारसा कायद्याखालची आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे, आणि गोव्यातले आणखी वेगळे.

सही करायची की नाही हा निर्णय तुमचाच. नात्यासाठी हिस्सा सोडणाऱ्या बहिणीला आम्ही वेडं म्हणत नाही. पण वाचल्याशिवाय, 'वारस नोंदीसाठी लागते' एवढ्या सांगण्यावर सही करू नका. जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. दुय्यम निबंधकाकडे नेलं तर समजा की तिथे हिस्सा जातो आहे. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांत दस्त रद्द करून मागता येतो. सही करण्याआधी तालुका समितीत जाऊन कागद वाचून घ्या. हा सल्ला मागितल्याचं तुमच्या भावाला कुणी कळवत नाही.

१८. आमचं काम कोर्टात नाही, तहसीलदाराकडे आहे. फेरफार चुकीचा झालाय.

तरीही मदत मिळते (प्रश्न १ मधली व्याख्या पाहा). मंडळ अधिकाऱ्याने किंवा तहसीलदाराने दिलेल्या हुकमावर प्रांताकडे अपील साधारण ६० दिवसांत करायचं असतं. एक ध्यानात ठेवा: फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही. मालकीचा वाद शेवटी दिवाणी कोर्टातच सुटतो.

१९. मुलगा सांभाळत नाही, घर त्याच्या नावावर करून बसलोय. म्हाताऱ्या माणसाला वकील मिळतो?

मूळ कायद्याच्या कलम १२ मध्ये 'ज्येष्ठ नागरिक' असा वेगळा गट नाही. आई स्त्री म्हणून पात्र आहे, वडील उत्पन्नावर. पण तुमचं काम वकिलाशिवायही सुरू होतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करायचा. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. 'सांभाळ करीन' या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं असेल आणि अट मोडली असेल, तर कलम २३ खाली ते रद्दही करून मागता येतं. ती अट दस्तात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं. अजून दस्त केला नसेल तर हे वाक्य लिहिल्याशिवाय करू नका.

२०. बँकेकडून लोकअदालतीची नोटीस आली आहे. नाही गेलो तर अटक होईल का?

नाही. ही दावा दाखल होण्याआधी तडजोडीसाठी दिलेली बोलावणी असते. न गेल्याने वॉरंट निघत नाही आणि तुमच्याविरुद्ध हुकूमही होत नाही. पुढे बँक दावा लावू शकते एवढंच. आम्ही तरी जा असं सांगतो, कारण व्याज कमी करून घ्यायची ती चांगली जागा आहे. मात्र जमेल तेवढाच हप्ता कबूल करा. तडजोडीवर सही झाली की तो हुकूमनामाच असतो आणि हप्ता चुकला की थेट वसुली. पैसे भरल्यावर 'येणे बाकी नाही' असं पत्र मागून घ्या.

२१. लोकअदालतीत दबावाखाली सही केली, आता अपील करता येईल?

अपील नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा आणि अंतिम असतो. फसवणूक झाली किंवा खरी संमतीच नव्हती अशा मोजक्या कारणांवर उच्च न्यायालयात रिट करता येतं, तेही सोपं नाही. म्हणून सगळी ताकद सहीच्या आधी लावायची. लोकअदालतीचं पॅनेल तुमच्यावर निकाल लादू शकत नाही. 'मला मान्य नाही' म्हटलं की प्रकरण परत मूळ कोर्टात जातं. प्रलंबित दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. लोकअदालत सगळ्यांसाठी खुली आहे, तिथे उत्पन्नाची अट नाही.

२२. वीजबिलाच्या भांडणासाठी 'कायमस्वरूपी लोकअदालत' सांगितली. ती वेगळी का?

हो, आणि हा फरक माहीत असायला हवा. वीज, पाणी, वाहतूक, टपाल, दूरध्वनी, विमा, दवाखाना अशा सेवांच्या १ कोटी रुपयांपर्यंतच्या वादांसाठी ती आहे. वाद कोर्टात जाण्याआधीच तिथे अर्ज करता येतो. तडजोड झाली नाही तर ती गुणदोषांवर निकालही देऊ शकते. म्हणजे प्रश्न २१ मधलं 'मान्य नाही म्हटलं की परत' इथे लागू नाही. पुरावे घेऊनच जा. ती प्रत्येक जिल्ह्यात नाही, चौकशी जिल्हा प्राधिकरणात करा.

२३. बायकोने मोफत वकील घेतलाय. मलाही तिथूनच मिळेल का? दोघांची माहिती एकमेकांना जाणार नाही?

उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल किंवा दुसऱ्या एखाद्या गटात बसत असाल तर मिळेल. दोघांना वेगवेगळे पॅनेल वकील दिले जातात आणि प्रत्येकावर आपल्या अशिलाची गुप्तता पाळायचं बंधन आहे.

२४. आम्ही कामासाठी सुरतेत असतो, दावा बीडमध्ये आहे. अर्ज कुठे?

वकील बीडमध्येच लागणार, म्हणून अर्ज बीडच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन किंवा टपालाने. जवळच्या सुरतेच्या कार्यालयात दिला तरी तो पुढे पाठवता येतो, फक्त मुदतीचे दिवस (प्रश्न ८) त्यात खाऊ देऊ नका. उत्पन्नाची मर्यादा दावा ज्या राज्यात आहे तिथली धरायची. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी गाव सोडण्यापूर्वी वकिलाला मुकादमाचा नाही, स्वतःचा फोन नंबर द्यावा. तारीख हुकण्याचं ते मोठं कारण आहे.

२५. अर्ज नामंजूर झाला. संपलं का?

नाही. कारण लेखी मागा. पात्रता नाही किंवा प्रकरणात प्रथमदर्शनी दम नाही, ही दोनच कारणं सहसा असतात. निर्णय मान्य नसेल तर त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. 'दम नाही' म्हटलं असेल तर बहुतेक वेळा कागद अपुरे असतात. नवे कागद जोडून पुन्हा अर्ज करा.

२६. दावा चालू असताना मला नोकरी लागली. मदत बंद होईल?

उत्पन्नाच्या निकषावर मिळाली असेल तर परिस्थिती बदलल्याने बंद होऊ शकते, म्हणून स्वतःहून कळवा. स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग या निकषावर असेल तर नोकरीने फरक पडत नाही. वकिलाला सहकार्य न करणं किंवा गुपचूप दुसरा वकील लावणं, यानेही मदत थांबते.

२७. हुकूम माझ्या बाजूने झाला, पण तो पैसेच देत नाही. मोफत वकील म्हणतो माझं काम संपलं.

तुमचं काम संपलेलं नाही. दिवाणी हुकूमनामा अमलात आणायला दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, करावी लागते. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज असतो, आणि कलम १४४ खालच्या पोटगीच्या वसुलीचं वॉरंट रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात मागावं लागतं. दर वर्षी अर्ज केला नाही तर मागची थकबाकी हातची जाऊ शकते. ही नवी कार्यवाही असल्याने वकिलाच्या नेमणुकीचं नवं पत्र लागतं, म्हणून तो तसं म्हणत असेल. हुकमाची प्रमाणित नक्कल घेऊन पुन्हा तालुका समितीत जा, 'अंमलबजावणीसाठी विधी सहाय्य' असा अर्ज द्या आणि प्रकरण माहीत असलेला तोच वकील मागा. नवरा कुठे कामाला आहे, पगार कोणत्या बँकेत होतो, त्याच्या नावावर कोणता गट नंबर आहे, हे जमेल तेवढं लिहून न्या. वसुली कुठून करायची ते त्याच कागदावरून ठरतं.